दोऱ्याची खाच

"नाय गो बाय, ते माजं तोंड नाय," जनी म्हणाली, आणि आत उभ्या असलेल्या डॉ. दक्षता दामलेंचा हात रबरी मोज्यात अर्ध्यावरच अडकला. चार बोटं आत गेली होती, अंगठा बाहेरच राहिला. सकाळपासून एसी रुसला होता आणि डोंबिवलीच्या उकाड्यात दार लावून कुणाच्या तोंडात वाकून बसणं म्हणजे शिक्षाच, म्हणून मधलं दार उघडं ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर कोण काय बोलतं ते आत स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणजे आतलंही सगळं बाहेर ऐकू गेलं असणार, हे दक्षताच्या आत्ता लक्षात आलं. आधी आलं नव्हतं, कारण बोलायला लागली की ती स्वतःच्या बोलण्यात रंगून जायची आणि मग दार उघडं आहे की लावलेलं याचं भान तिला राहत नसे.

बोलण्याबद्दल तर तिची ख्याती होती. गावात दातांचे डॉक्टर गल्लोगल्ली, पण दामले मॅडम समजावून सांगतात, असं लोक म्हणायचे. आज योगिनी नावाची शाळामास्तरीण आली होती. रूट कॅनाल झालेला, आता त्या दाढेवर कॅप हवी, आणि बाईंचा जीव काही कॅपवर बसत नव्हता. "दुखायचं थांबलंय ना, मग कशाला? आणि खोटा दातच ना तो शेवटी?" असं त्या म्हणाल्या. दक्षताला असे प्रश्न आवडायचे. तिनं प्लॅस्टरचा जबडा हातात घेतला. आतली नस काढली की दात कोरडा पडतो, वाळल्या फांदीसारखा कडकन मोडू शकतो, कॅप म्हणजे त्याचं हेल्मेट, असं सांगितलं. "आणि खोटा कशाला म्हणायचं? आतला दात तुमचाच. तो कमजोर झालाय म्हणून वरून आपण त्याला झाकतो. झाकणं म्हणजे काही फसवणं नव्हे." योगिनीबाईंना हे पटत चाललेलं दिसलं, तशी तिनं नेहमीप्रमाणे समोरचा संगणकाचा पडदा वळवला आणि तो फोटो लावला. ओठ बाजूला ओढलेलं एक उघडं तोंड. हिरड्यांच्या कडेनं मशेरीचा काळा थर, दात तपकिरी, आणि वरच्या पुढच्या दाताच्या धारेला मधोमध एक अर्धगोल खाच. "हे एका पेशंटचं तोंड. वर्षानुवर्षं मशेरी, वर दातानं दोरा तोडायची सवय. या लोकांना कुणी सांगणारं नसतं, आणि सांगितलं तरी ही ऐकणारी माणसं नव्हेत. वेळेवर लक्ष दिलं नाही तर काय होतं ते बघा." मग दुसरा फोटो, तेच तोंड, स्वच्छ केलेलं, खाच भरलेली. हे दोन फोटो पाहिले की माणूस मुकाट कॅपला तयार व्हायचा. योगिनीबाईही झाल्या. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरून दक्षतानं त्यांना बाहेर बसवलं, घट्ट झालं की एकदा बघते म्हणाली, आणि पुढच्या पेशंटसाठी हात धुवायला वळली.

पुढची पेशंट जनी. बाकाच्या टोकाशी, पायऱ्यांच्या बाजूला ती बसली होती. योगिनीबाई तिच्या शेजारी बसल्या, काहीतरी बोलायचं म्हणून, आजी तुमचं काय, असं विचारलं असेल, आणि जनीनं पुढचा दात दाखवायला ओठ उचलला असेल. दातातली भर निघाली होती, खाच पुन्हा उघडी पडली होती. शाळामास्तरणीची नजर ती, मुलांच्या वहीतली चूक लांबून हेरणारी. त्यांनी सरळ विचारलं, "अहो आजी, आत्ता मॅडमनी दाखवला तो फोटो तुमचा का?" आणि जनी नाही म्हणाली. अडखळलीसुद्धा नाही. विचार करायला वेळ लागला असता तर दक्षताला बरं वाटलं असतं. पण ते उत्तर आधीपासून तयार असल्यासारखं आलं, आणि पाठोपाठ, "आमच्यासारख्या बायांचे सगल्यांचे दात सारखेच," असंही. ही जनी दक्षताची आई होती. दवाखान्यात हे दक्षता आणि जनी सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं.

हे कसं झालं ते सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही नाहीच. कुणी कट केला नव्हता. मेघाली नवी कामाला लागली होती, फोन वाजत होता, एका पोराच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि दारात जनी उभी राहिली, हातात पिशवी, पिशवीत सुक्या कोळंबीचे सोडे. वास आत आला. मेघालीनं विचारलं, "मॅडम, ह्या कोण?" आणि दक्षता म्हणाली, "ठाण्याच्या आहेत. जुन्या पेशंट आहेत." एवढंच. संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं करता करता ते सांगायचं राहिलं. बरं, सासरी, दामल्यांच्या घरात कुणी काही बोललं असतं तर त्याच्यावर बोट ठेवता आलं असतं. नवऱ्याला, विनीतला, तर कोपरीला जनीच्या घरी जाऊन जेवायचा भारी सोस. सासूबाईंनी सोड्यांच्या खिचडीची कृती मागून घेतली होती आणि त्यात गोडा मसाला घालून तिची वाट लावली होती, पण आवडीनं खाल्ली होती. म्हणजे लाज कुणी लादली नव्हती. ती दक्षताची स्वतःची होती, घरची, लहानपणापासून पोसलेली. जनीनं त्या दिवशी ते 'जुन्या पेशंट' ऐकलं, पिशवी बाहेर पायरीवर नेऊन ठेवली, आणि आत येऊन म्हणाली, "डाक्टरीन बाय, दात बघता का?" त्या दिवसापासून दवाखान्यात ती लेकीला डाक्टरीन बाय म्हणायची. पिशवी कायम पायरीवर. आजही असणार.

"आजी, या आत," मेघालीनं हाक मारली. जनी आली, चपला दाराशी काढल्या. काढू नका, असं किती वेळा सांगितलं होतं. खुर्चीत बसण्याआधी तिनं खुर्चीला हात लावून तो कपाळाला लावला. दक्षतानं तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि टाळता टाळता नजर पडद्यावर गेली. फोटो अजून तिथेच होता. भर घातलेला दुसरा नाही, पहिलाच, योगिनीबाई पुन्हा एकदा दाखवा म्हणाल्या म्हणून मागे नेलेला. तिनं पडदा बंद करायला हात उचलला, पण मेघाली बघत होती. एकाएकी फोटो कशाला बंद केला, हे तिला काय सांगणार? हात खाली आला. जनी मान वर करून, दिव्याच्या उजेडात डोळे बारीक करून, पडद्याकडेच बघत होती.

"कधी निघालं?" दक्षतानं विचारलं.

"काल गेलं. शेजारच्या पोपटचं जालं फाटलेलं, ते शिवत होतू. तुमी दातात दोरा धरू नको बोललेल्या. पन बाय, हात दोनच."

मेघाली हसली. "आजी, कात्री कशाला आहे मग?"

"कात्री घेवाला हात खाली पायजे ना," जनी म्हणाली, आणि तीही हसली, पदर तोंडावर धरून. ती कायम अशीच हसायची. कोळीवाड्यात दक्षता पाठीला दप्तर लावून निघाली की नाक्यावरची माणसं चेष्टा करायची, कोळणीची पोर डाक्टर होनार, मासल्यांचे दात काढनार. तेव्हा जनी म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील, तू जा. आणि स्वतःचे दात मात्र कुणाला दिसू द्यायची नाही. ते का, हा प्रश्न दक्षताला दंतवैद्यकीच्या सगळ्या वर्षांत पडला नव्हता. लोकांच्या तोंडातलं सगळं जाणणारी बाई, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार.

तिनं ओठ दूर धरणारी प्लॅस्टिकची कड जनीच्या तोंडात बसवली. आता जनीला बोलता येणार नव्हतं. दक्षताला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं त्याचीच लगेच शरम वाटली. समोर ते तोंड आलं, आणि तिच्यामागे पडद्यावरही तेच, चौपट मोठं. तिनं खाचेवरून हत्याराचं टोक फिरवलं. कडा गुळगुळीत होत्या. दोरी घासून घासून विहिरीच्या दगडी काठाला खाचा पडतात तसं ते, एका दिवसाचं काम नव्हे. तिला ओसरी आठवली. खाडीकडून येणारा चिखलाचा वास, खांबाला बांधलेलं जाळं, जनी पाय पसरून बसलेली, एका हातात सुई, दुसऱ्या हातानं जाळ्याचा डोळा ताणून धरलेला, आणि नायलॉनचा हिरवा दोरा त्याच दातात. गाठ बसली की मानेला एक हिसका, दोरा तुटायचा, कट असा आवाज व्हायचा. त्या आवाजावर दक्षतानं पाढे पाठ केले, बारावीचं जीवशास्त्र पाठ केलं. दुसऱ्यांची जाळी होती ती. स्वतःची होडी वडलांच्या मागे राहिली नाही, मासळीही खाडीत पूर्वीसारखी राहिली नाही, पण फाटलेली जाळी राहिली, आणि ती घेऊन लोक जनीकडेच यायचे कारण तिची गाठ सुटत नसे. दातानं ओढलेली म्हणून सुटत नसे. हाताची गाठ पाण्यात सैल पडते, असं जनी म्हणायची. मग यात सवय कुठली आणि निष्काळजीपणा कुठला? 'ही ऐकणारी माणसं नव्हेत' हे वाक्य तिला आत्ता जसंच्या तसं ऐकू आलं, स्वतःच्याच आवाजात, कॉलेजमध्ये कष्टानं कमावलेल्या त्या शुद्ध आवाजात. किती लोकांना ऐकवलं होतं ते. कुणी आक्षेप घेतला नव्हता. लोकांनी मान डोलावली होती आणि तिला समजावून सांगण्याची कला अवगत आहे म्हणून कौतुक केलं होतं.

निळं जेल तिनं खाचेच्या कडांना लावलं. भर धरून राहावी म्हणून आधी दाताला थोडं खरखरीत करावं लागतं. एरवी ती हे बोलत बोलत करायची. आता आंबट लागेल, घाबरू नका, आता पाणी येईल, आता निळा दिवा, डोळे मिटा. पेशंटला पुढचं माहीत असलं की तो घाबरत नाही, हे तिचं तत्त्व. पहिल्यांदा जनीचा हा दात भरला तेव्हा यातलं काहीसुद्धा ती बोलली नव्हती. रविवार होता. दवाखाना बंद, शटर अर्धं खाली. कुणी बघू नये म्हणूनच रविवार. तिनं भराभर फोटो काढले, भराभर दात घासून काढले, भराभर भर घातली. जनी विचारत होती, काय करतंस गो, हे कशाचं, निळं काय, आणि ती म्हणत होती, "आये, तोंड उघडं ठेव, बोलू नको." फोटो कशाला काढतेस हेही जनीनं विचारलं होतं. "लागतात," एवढं उत्तर दिलं होतं. आणि रंग! भरेचा रंग निवडायची पट्टी असते, शेजारच्या दाताला जुळेल ती छटा घ्यायची, हे पहिल्या वर्षाचं पोर सांगेल. दक्षतानं सगळ्यात पांढरी छटा घेतली. का, ते तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं नव्हतं. नातेवाइकाच्या लग्नात आई तोंड उघडेल तेव्हा निदान समोर एक तरी दात धड दिसावा, असं काहीतरी मनात होतं. तपकिरी दातांत तो एकच पांढराफेक. कोळीवाड्यात बायका जनीला चुन्याचं बोट म्हणायला लागल्या. त्यांतल्याच रंगूबाईनं फोनवर हसत हसत सांगितलं तेव्हा दक्षताला कळलं. जनीनं स्वतः कधी तक्रार केली नाही. लेकीनं लावलेला दात, म्हणून तो एक मात्र ती मिरवत राहिली.

"मॅडम, छटा?" मेघालीनं पट्टी पुढे केली. दक्षतानं ती जनीच्या दाताशी धरली. सगळ्यात गडद तुकडा. तोच जुळत होता. ही निवड करताना तिचा हात स्थिर होता, पण डोळ्यांपुढे थोडं धूसर झालं. तिनं चष्म्यावर प्लॅस्टिकची ढाल ओढून घेतली. मेघाली जनीला समजावत होती, मॅडमचीच वाक्यं मॅडमच्याच चालीत, "आजी, आता मशेरी बंद करायची हं. बघा ना त्या फोटोतल्या बाईचं काय झालंय. तुमचंही तसंच होईल मग." जनीनं पडद्याकडे पाहिलं, मग तोंड तसंच ताणलेलं ठेवून मान हलवली. होय, होईल. तिचे डोळे मेघालीवरून दक्षतावर आले आणि तिथं थांबले. रागावलेले असते तर सोपं होतं. ते डोळे लहानपणी परीक्षेच्या दिवशी दारातून बघायचे तसे बघत होते, पोरीला काही अडचण येऊ नये एवढ्याच काळजीनं. आत्ता सांग, दक्षता स्वतःला म्हणत होती. एका वाक्याचं काम आहे. मेघाली, ही माझी आई. पण वाक्य तोंडाशी येई आणि त्याच्या मागून पुढची वाक्यं रांगेनं येत. मग तो फोटो? मग 'या लोकांना' म्हणजे कुणाला? इतके दिवस पायरीवर पिशवी का? एक सांगितलं की सगळं सांगावं लागणार होतं. तिनं दिवा उचलला. "डोळे मिटा," ती म्हणाली, आणि जनीनं मिटले.

भर बसली. घासून, चकाकी आणून झाली. या वेळी ती दिसतच नव्हती. कुठे दात संपतो आणि कुठे भर सुरू होते ते दक्षतालाही शोधावं लागलं. तिनं कड काढली आणि आरसा दिला. जनीनं बराच वेळ पाहिलं. जिभेनं चाचपलं. मग पदरानं ओठ पुसत मेघालीला म्हणाली, "डाक्टरीन बायचा हात लय हलका. हिची आय नशिबाची असंल." मेघाली म्हणाली, "हो ना, सगळेच म्हणतात." जनी खुर्चीवरून उतरली, चपला घातल्या, बाहेर गेली.

दक्षता बेसिनपाशी गेली. नळ सोडला. हिची आय. पाणी वाहत राहिलं आणि तिला वाटलं की आता ही बाई पायरीवरची पिशवी उचलेल, ती पिशवी आपल्यासाठीच आणलेली असूनही परत कोपरीला नेईल, कारण आज बाहेर माणसं आहेत. आणि पुढच्या वेळी येईल तेव्हा पुन्हा डाक्टरीन बाय. मरेपर्यंत. तिनं नळ तसाच सोडला आणि ती बाहेर आली.

"आये, थांब."

हा शब्द त्या दवाखान्यात चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला गेला. जनी पायरीवर वाकली होती. ती वळली, आणि सवयीनं तिचा पदर तोंडावर गेला. दात धड होता, तरीही गेला. बाकावर योगिनीबाई गालाला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी एकदा जनीकडे पाहिलं, एकदा दक्षताकडे. मेघाली दारात येऊन उभी राहिली, हातात अजून ती छटांची पट्टी.

जनीनं पदर खाली केला. "बाय, मगाशी खोटं बोललू मी," ती योगिनीबाईंना म्हणाली. "ते तोंड माजंच हाय. ही माजी लेक. मीच हिला बोललेली, कोनाला सांगू नको म्हनून. मना लाज वाटते, इथं सगली शिकलेली मानसं येतात. हिचं काय चुकलं नाय."

कुणाला सांगू नको असं जनी तिला कधीच बोलली नव्हती. दक्षताला ते इतकं नीट ठाऊक होतं, तरी क्षणभर तिनं ते खोटं चालवून घेतलं. कुठे फट नाही, कुठे टोचत नाही, उघड्या पडलेल्या जागेवर बरोबर बसलेलं. योगिनीबाईंचा चेहरा मऊ झाला होता, मेघालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं, आईला जवळ घ्यायचं होतं, आणि सगळं झाकलं गेलं असतं. आयुष्यभर आईनं हेच केलं आणि आपण ते करू दिलं, हे तिला त्या क्षणी असह्य झालं.

"नाही," ती म्हणाली. आवाज भलताच मोठा आला. "हिनं काही सांगितलं नव्हतं. मीच लपवलं." मग काय करावं ते न सुचून तिनं पिशवी उचलली, आत नेऊन टेबलावर ठेवली, आणि पडदा उघड्या दाराकडे वळवला. फोटो तसाच होता. सोड्यांचा वास खोलीभर पसरला. "योगिनीताई, मगाशी मी तुम्हाला हे चुकीचं समजावलं. ही खाच," तिनं पडद्यावर बोट ठेवलं, त्या काळ्या अर्धगोलावर, "ही खाच निष्काळजीपणाची नाही. ही..."

रोज जी जीभ सुरीसारखी चालायची ती सुई दिल्यासारखी बधिर झाली. जाळं म्हणायचं होतं, दोरा म्हणायचं होतं, पाढे म्हणायचे होते. बोट पडद्यावर तसंच राहिलं. सगळे तिच्याकडे बघत होते, बेसिनचा नळ वाहत होता.

जनी चपला काढून आत आली. तिनं नळ बंद केला. मग लेकीच्या मागे उभं राहून, फोटोकडे बघत, ती हलक्या आवाजात म्हणाली, "सांग गो बाय. मगाशी कती बेस सांगत होतीस."